फेलोशिपच्या शिफारसपत्रावर एचओडींचीच सही लागते का?

तुमचं एमडी रेडिओलॉजीचं शेवटचं वर्ष आहे, मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलात ब्रेस्ट इमेजिंगच्या फेलोशिपला अर्ज करायचाय आणि त्यांनी दोन शिफारसपत्रं मागितलीत. एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, घ्यावंच लागतं का, आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचं ते, किती मोठं हवं, असं तुम्ही विचारलंय.

नाही, लागत नाही. ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याचं घ्या. या एका सहीपायी मी अकरा दिवस केबिनबाहेरच्या बाकावर बसले आहे, त्यामुळे पुढचं जरा लांबेल.

कॉलेजचं नाव घेत नाही. मुंबईतलंच. परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. सकाळी सोनोग्राफीची ओपीडी, त्यात गरोदर बायकांची लिस्ट, प्रत्येकीचा एफ फॉर्म, गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचा. दोन पेशंटच्या मध्ये मी जिना चढून वर पळायचे. केबिनबाहेर शिपाईमामा. "सर मीटिंगला गेलेत." "सर राउंडला गेलेत." "सर आत्ताच जेवायला गेले, दोन मिनिटं आधी यायचं ना." अकराव्या दिवशी मामांनाच माझी दया आली आणि त्यांनी दार ढकलून मला आत सोडलं. सर मोबाइलवर काहीतरी वाचत होते. म्हणाले, "ड्राफ्ट करून आण, सही करतो." मी वळले, तेवढ्यात म्हणाले, "आणि त्यात पूर्ण नाव लिही हं." तीन वर्षं दर आठवड्याला मी त्यांच्यासमोर केस प्रेझेंट करत होते. पूर्ण नाव त्यांना ठाऊक नव्हतं हे मला जिन्यात लक्षात आलं.

आपलं कौतुक आपणच लिहून बघा एकदा. रात्री घरी डोंबिवलीला बसले तर सिन्सियर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल याच्यापुढे पेन जाईना. आई म्हणाली, "स्थळांच्या बायोडेटात मनमिळाऊ लिहितात तसं लिही काहीतरी." शेवटी साधारण तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी न वाचता सही ठोकली, क्लार्कने शिक्का मारला. जावक क्रमांक राहिला म्हणून परत एक हेलपाटा.

आता माझा बॅचमेट. त्याला वसईकर म्हणू. तोही त्याच फेलोशिपला अर्ज करत होता. "अगं, तुझा फॉरमॅट दे ना, मला कुठे वेळ आहे." मी दिला. त्याने नाव बदललं, सरांनी तेही न वाचता सही केलं. इंटरव्ह्यूला त्याचा नंबर माझ्या आधी. तो बाहेर आला तो कान लाल करून. पॅनेलवरच्या एका मॅडमनी त्याच्या पत्रातलं दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य मोठ्याने वाचलं होतं, "शी इज अ सिन्सियर वर्कर", आणि विचारलं होतं, "ही कोण?"

मग मी आत. टेबलावर दोन्ही पत्रं शेजारी शेजारी. "ही दोन्ही एकाच माणसाने लिहिलीत का?" मी म्हटलं, "हो मॅडम, मी." एक जण हसले. मला वाटलं, प्रामाणिकपणाचे मार्क मिळतील.

त्यानंतर त्यांनी मॉनिटरवर मॅमोग्राम लावला. मी आधी पोझिशनिंगवर बोलले. एमएलओ व्ह्यूमध्ये, म्हणजे तिरप्या फिल्ममध्ये, पेक्टोरल मसल (छातीचा स्नायू) निपलच्या पातळीपर्यंत उतरलाय, त्यामुळे फिल्म पुरेशी आहे, वगैरे. हे मला आमच्या मॅमोच्या टेक्निशियन ताईंनी शिकवलेलं, कुठल्या प्रोफेसरने नाही. मग डाव्या बाजूला मक्याच्या लाहीसारखं जाड, ठसठशीत कॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियमचा साठा. ओळखीचा चेहरा. जुना फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, बायरॅड्स 2 म्हणजे निर्धोक, बायॉप्सीची गरज नाही. इतकं आत्मविश्वासाने सांगितलं की स्वतःचाच अभिमान वाटला. "अजून काही?" मी म्हटलं, "नाही."

वसईकर लागला. मी नाही.

तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. तो म्हणतो, सही महत्त्वाची, मजकूर कोणी वाचत नाही, बघ, "शी" असूनही लागलो. बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ज्युनियरना तो अजून हाच सल्ला देतो, एचओडींचं पत्र घ्या आणि शांत झोपा. मी म्हणते, मजकूर वाचला म्हणूनच तर त्यांना "शी" सापडली!

पुढच्या वर्षी मी परत अर्ज केला. मधल्या काळात बॉन्डची, म्हणजे सक्तीची सरकारी, नोकरी. या वेळी पत्रासाठी आमच्या असिस्टंट प्रोफेसर मॅडमकडे गेले. नाइट ड्यूटीला कॅज्युअल्टीचे सीटी माझ्यासोबत बसून वाचायच्या त्या. त्या म्हणाल्या, "माझ्या सहीला कोण विचारतंय गं?" मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला माझं पूर्ण नाव माहीत आहे." त्यांनी पत्र स्वतः टाइप केलं, पाकीट बंद केलं, फ्लॅपवर सही केली. आत काय आहे ते मी पाहिलं नाही. इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला, "तुम्ही एक केस चुकला होतात आणि तीन आठवड्यांनी हिस्टोपॅथ (बायॉप्सीचा रिपोर्ट) घेऊन मॅडमकडे परत गेलात, असं यात लिहिलंय. कोणती केस?"

म्हणजे मॅडमनी पत्रात माझी चूक लिहिली होती! क्षणभर पोटात गोळा आला. पण ती केस मला तोंडपाठ होती. चाळिशीतली बाई, दाट ब्रेस्ट, मॅमोवर मला काही दिसलं नव्हतं, सोनोग्राफीवरची छोटी गाठ मी सिस्ट म्हणून सोडली होती. मॅडमच्या आग्रहावरून बायॉप्सी झाली आणि कॅन्सर निघाला. पुढची दहा मिनिटं आम्ही त्याच केसवर बोलत होतो. त्या वर्षी लागले.

तर माझा सल्ला असा. पत्रात तुमच्याबद्दल एक तरी गोष्ट अशी हवी जी दुसऱ्या कुठल्याही रेसिडेंटबद्दल लिहिता येणार नाही. एचओडींना ती माहीत असेल तर खुशाल त्यांचं घ्या. लहान विभागांत एचओडी स्वतः रेसिडेंटसोबत रिपोर्टिंगला बसतात, असे लोक मी पाहिलेत. आमचे तसे नव्हते. आणि "ड्राफ्ट करून आण" म्हणणाऱ्याकडे जावंच लागलं, तर ड्राफ्टऐवजी तुमच्या पाच केसेसची यादी द्या. कधी कधी माणूस ओशाळतो आणि दोन ओळी स्वतः लिहितो.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. त्या पहिल्या मॅमोग्राममध्ये उजव्या ब्रेस्टच्या वरच्या बाहेरच्या भागात आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन होतं. गाठ नाही, नुसत्या रेषा एका बिंदूकडे ओढल्यासारख्या. कॅन्सरचा संशय घ्यावा असंच ते. डाव्या बाजूची लाही सापडली आणि माझा डोळा तिथेच थांबला. परीक्षेत सगळे ज्या सापळ्यात पडतात त्यात पडले. वसईकरने ते पाहिलं होतं. हे मला फेलोशिपला लागल्यावर पॅनेलवरच्या त्याच मॅडमकडून कळलं. तेव्हा माझ्या पत्रामुळे मी गेले आणि त्याच्या सहीमुळे तो लागला, हे दोन्ही खरं नाही, हे मला मान्य आहे. तरीही पत्राबद्दल माझंच बरोबर आहे.

हे सगळं इंटरव्ह्यू घेणाऱ्या जागांबद्दल. एफएनबीला, म्हणजे नॅशनल बोर्डाच्या फेलोशिपला, जायचं असेल तर ती एंट्रन्स परीक्षा आहे, मेरिटवर सीट मिळते, तिथे पत्राची भानगडच नाही. बाहेरच्या देशात अर्ज केलात तर बहुतेक ठिकाणी लिंक थेट पत्र देणाऱ्याच्या ऑफिशियल ईमेलवर जाते, त्यामुळे स्वतः लिहून सही घेण्याचा मार्ग तसाही बंद. आणि दोन पत्रं मागितलीच आहेत तर दुसरं एचओडींचं जोडा. हो, एवढं बोलूनही. शिक्का असलेला बरा असतो. फक्त महिनाभर आधी मागा आणि जावक क्रमांक बघून घ्या.

स्टेटमेंट एक पान. 1895 साली राँटजेनने बायकोच्या अंगठीवाल्या हाताचा एक्स-रे काढला इथून सुरुवात करू नका, अर्ध्या अर्जांत ती अंगठी असते. लहानपणापासून रेडिओलॉजीची आवड होती असंही नको, लहानपणी कोणालाच नसते. किती मॅमो पाहिले हा आकडा लिहिण्यापेक्षा त्यातल्या कितींचा हिस्टोपॅथ रिपोर्ट स्वतः जाऊन शोधलात ते लिहा. आकडा लहान असेल, चालतो.

वसईकर, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. ग्रुपवर नेहमी "आपल्या पत्रात शी होतं" म्हणतोस. तुझ्या पत्रात होतं. माझ्यात ते बरोबर होतं.