व्हिडिओ सहा मिनिटांचाच करा

मॅडम, पोरांनी घरी व्हिडिओ बघून यायचं आणि वर्गात त्यावर चर्चा करायची, असं शिकवायचं असेल, तर नव्या उत्साहात पन्नास मिनिटांचं अख्खं लेक्चर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकू नका. मी टाकलं होतं. जतहून एसटीनं येणारी पोरगी म्हणाली, "सर, डाउनलोडच होईना, डेटा संपला." तेव्हापासून सहा-सात मिनिटं आणि एका व्हिडिओत एकच मुद्दा. आकृती फळ्यावर काढून मोबाइलवर शूट केली तरी चालते. आवाज मात्र स्वच्छ हवा. पंखा बंद करा!

खरी मेख पुढं आहे. व्हिडिओतलंच वर्गात परत सांगितलंत, तर पुढचा व्हिडिओ कोण बघणार? वर्गात शिरताच त्यावरचा एक बहुपर्यायी प्रश्न फळ्यावर लिहा, हात वर करून उत्तरं घ्या, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा हात मोजा. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून भौतिकशास्त्र असं शिकवू लागले. आपल्या सांगलीत पहिले दोन दिवस नुसता गोंगाट होतो. होऊ द्या.

'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स जोडायचे असतील, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांत सत्रातल्या ४० टक्के विषयांपर्यंत मुभा आहे. पण आधी विभागप्रमुखांच्या कानावर घाला. आणि पीपीटी दुसऱ्याची उचलू नका, पोरं लगेच ओळखतात.