सगळे वजनगट मिळून आजवरचा सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण? अली, मेवेदर की पॅकियाओ?

तुम्ही नावं घेतलीत त्या तिघांपैकी कोणीच नाही. माझं मत शुगर रे रॉबिन्सनला, आणि त्याच्या मागे अगदी जेमतेम अंतरावर हेन्री आर्मस्ट्राँग. का ते सांगतो, पण आधी वजनाबद्दल थोडं बोलू द्या. हा वाद तावातावाने घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लढतीच्या सकाळी वजनकाट्यावर पाय ठेवलेला नसतो.

मी ठेवलाय. नव्वदच्या दशकात, गोव्यात फोंड्याला, एका निवड स्पर्धेत. माझा गट ५१ किलोचा आणि काटा दाखवत होता चारशे ग्रॅम जास्त. तासाभराची मुदत मिळाली. मे महिना होता. रेनकोट अंगात चढवून मैदानाला फेऱ्या मारल्या. तोंडात आमसूल धरलं होतं. ते चघळायचं आणि सुटलेली लाळ थुंकत राहायचं, गिळायची नाही. आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शेवटी टॉवेलच्या आडोशाला अंगावरचं सगळं काढून काट्यावर उभा राहिलो आणि एकदाचा ५१ भरलो. सरांनी पाठ थोपटली. दुपारी रिंगमध्ये उतरलो तर पहिल्या फेरीतच हात शिशाचे झाले. समोरच्याचा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, येताना दिसत होता, पण बचावाला हात वर जाईनात. दुसऱ्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. एवढं सगळं चारशे ग्रॅमसाठी. आमच्याकडच्या काही पोई, म्हणजे गोव्यातले पाव, मिळून तेवढं वजन भरतं.

म्हणून कोणी सहज म्हणालं, 'अमक्याने तीन गट वर जाऊन किताब घेतला', की मी जरा सावरून बसतो. 'पाउंड फॉर पाउंड' ही कल्पना मुळात एवढीच आहे: सगळे एकाच वजनाचे असते तर कोण जिंकला असता? हे प्रत्यक्षात तपासता येत नाही. तरी त्याच्या जवळ जाणारा एक पुरावा असतो. माणूस स्वतःपेक्षा जड माणसांपुढे उभा राहिला तेव्हा काय झालं?

अलीला इथे अडचण येते, त्यात त्याचा दोष नाही. हेवीवेटला वरची मर्यादाच नसते, त्याला वर जायला जागा नव्हती. १९७४ ला किन्शासात त्याने तेव्हाचा विजेता फोरमन याला आठव्या फेरीत झोपवलं. त्या रात्रीसाठी त्याला हेवीवेटमध्ये पहिला नंबर द्या, मी भांडणार नाही. (जो लुईचे लोक भांडतील. लुईने सलग २५ वेळा किताब राखला होता.) पण सगळे गट एकत्र करायचे तर अली स्वतःच रॉबिन्सनला आदर्श मानायचा.

पॅकियाओबद्दल लोक लगेच 'आठ गटांत विजेता' हा आकडा पुढे करतात. आकडा खरा आहे. १९९८ ला तो ११२ पौंडांत विजेता झाला, म्हणजे जवळपास ५१ किलो, माझाच गट! आणि २०१० ला १५४ पौंडांचा रिकामा किताब मार्गारितोला हरवून घेतला. पण त्या लढतीला 'कॅचवेट' होतं, म्हणजे दोघांनी १५० पौंडांची मर्यादा आपसात ठरवून घेतली होती. शिवाय आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा-अठरा वजनगट आहेत आणि प्रत्येकात चार मोठ्या संघटनांचे चार वेगवेगळे विजेते असू शकतात. विजेतेपदाच्या पट्ट्यांची दुकानं मांडली आहेत म्हणा ना. याने पॅकियाओ लहान होत नाही. डे ला होयासारख्या अंगाने मोठ्या माणसाला त्याने आठ फेऱ्यांनंतर खुर्चीवरून उठू दिलं नाही, ते मी विसरणार नाही.

आता आर्मस्ट्राँग बघा. त्याच्या काळात गट होते आठ, आणि साधारणपणे एका गटाला एक विजेता. त्याने १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये फेदरवेट (१२६ पौंड) घेतलं, १९३८ च्या मेमध्ये वेल्टरवेट (१४७), ऑगस्टमध्ये लाइटवेट (१३५). दहा महिन्यांत आठातले तीन किताब, तेही एकाच वेळी हातात! १२६ पौंडांपासून १४७ पर्यंत, म्हणजे साडेनऊ किलोंचा पल्ला. वेल्टरवेटसाठी बार्नी रॉससमोर जाताना वजन फार कमी दिसू नये म्हणून त्याने वजन करण्याआधी पोटभर पाणी ढोसलं होतं, असं सांगतात. मी थेंबासाठी तळमळत होतो आणि हा गडी पाणी पिऊन काट्यावर चढत होता. मूर्ती लहान पण कीर्ती महान हे कोणासाठी म्हणायचं असेल तर याच्यासाठी. पुढे १९४० ला त्याने मिडलवेटचा (१६० पौंड) किताबही जवळपास घेतला होता, पण लढत बरोबरीत सुटली.

मग रॉबिन्सन का? कारण आर्मस्ट्राँग एकाच पद्धतीने लढायचा, डोकं खाली घालून सतत पुढे. रॉबिन्सनला काय येत नव्हतं? मागे सरकत असतानाही तो डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, माणूस आडवा करायचा. जेक लामोटाने फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याला पहिल्यांदा हरवलं तेव्हा लामोटा त्याच्यापेक्षा पंधरा-सोळा पौंडांनी जड होता, म्हणजे सात किलो. माझे चारशे ग्रॅम आठवा. रॉबिन्सनने काय केलं? तीन आठवड्यांत त्याच माणसाशी पुन्हा लढला आणि जिंकला. दोघांच्या सहा लढती झाल्या, त्यातल्या पाच रॉबिन्सनच्या. १९४३ च्या त्या हारीनंतर १९५१ पर्यंत तो एकदाही हरला नाही. वेल्टरवेटचा विजेता, मग मिडलवेटचा पाच वेळा.

पण मला त्याचा मोठेपणा पटतो तो एका हरलेल्या लढतीवरून. जून १९५२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, लाइट हेवीवेटचा (१७५ पौंड) विजेता जोई मॅक्सिम समोर. पुन्हा पंधराएक पौंडांचा फरक. उकाडा इतका की रिंगमध्ये पारा चाळीस अंशांच्या घरात होता. दहाव्या फेरीनंतर रिंगमधला पंचच उष्म्याने कोसळला, दुसरा आणावा लागला. तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होता. तेराव्या फेरीत त्याने एक ठोसा मारला, तो हवेत गेला आणि त्याच झोकात तो स्वतःच तोंडावर पडला. चौदाव्या फेरीला त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. मॅक्सिमला हे जमलं नव्हतं, उन्हाळ्याला जमलं. मी ती चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याचे खाली लोंबणारे हात बघून फोंड्याची ती दुपार आठवली. फरक एवढाच की मी माझ्याच वजनाच्या पोरासमोर दोन फेऱ्या टिकलो नव्हतो.

हॅरी ग्रेबचं नाव कोणीतरी काढेलच. एका डोळ्याने अधू, तीनशेच्या आसपास लढती, पुढे हेवीवेट विजेता झालेल्या जीन टनीला हरवणारा एकमेव माणूस. पण त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत उपलब्ध नाही, आणि न पाहिलेल्या माणसाला मी वर बसवू शकत नाही. अलीकडच्यांपैकी अमेरिकेच्या टेरेन्स क्रॉफर्डला पहिल्या पंधरात जागा आहे. २०२५ ला दोन गट वर जाऊन मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझला हरवणं ही साधी गोष्ट नव्हे.

आणि वजनाची गोष्ट निघालीच आहे तर मेरी कोमला विसरू नका. २०१२ पर्यंतची तिची पाचही विश्वविजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोतली. लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांना तीनच गट ठेवले आणि सगळ्यात खालचा होता ५१ चा. मग बाईंनी वजन वाढवून, आपल्याहून मोठ्या अंगाच्या मुलींशी लढून कांस्यपदक आणलं. लोक म्हणतात 'फक्त कांस्य'. त्या 'फक्त'चा मला राग येतो.

राहिला मेवेदर. ३ मे २०१५, रविवार. त्याची पॅकियाओशी लढत आम्ही डिचोलीला मित्राच्या घरी सकाळी साडेनऊच्या सुमारास बघत होतो. समोर पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी. बारा फेऱ्या मेवेदर खांदा पुढे करून ठोसे चुकवत राहिला आणि मित्राचे काका टीव्हीवर ओरडत होते, "हो मारता खंय रे, हो तर धांवता!" मी त्यांना बचाव ही काय कला असते ते समजावायला गेलो तर त्यांनी माझ्यापुढची भज्यांची बशी उचलून स्वतःकडे घेतली. पन्नास लढती, पन्नास विजय, पाच गट, हे सगळं मान्य. पण पन्नासावा विजय मॅकग्रेगर या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढवय्यावरचा, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती. आणि आपल्याहून जड माणूस समोर घ्यायचा तर मेवेदर आधी नीट हिशेब करायचा. माझ्या यादीत तो आठवा-नववा आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही.