ड्रमर गेला म्हणून बँड मोडू नकोस

अरे, तुझा मेसेज वाचला. ड्रमर सोडून गेला, शो महिन्यावर आलाय आणि आता बँडच बंद करतो म्हणतोयस. थांब जरा. तू रश ह्या कॅनडाच्या रॉक बँडचा २११२ अल्बम दिवसरात्र ऐकतोस, पण त्याच्या आधीची आठ वर्षं तुला कोणी सांगितलेली दिसत नाहीत.

१९६८ ला टोरंटोच्या विलोडेल भागातल्या शाळकरी पोरांनी काढलेला बँड तो, सुरुवातीचे शो चर्चच्या तळघरात. १९७१ ला टोरंटोच्या ऑन्टॅरिओ प्रांतात दारू प्यायचं कायदेशीर वय १८ पर्यंत खाली आलं तेव्हा कुठे बारमध्ये वाजवायला मिळायला लागलं (सरकारने रॉकवर केलेला बहुतेक एकमेव उपकार!) आणि तिथेच हात बसला. लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, उभं करेनात म्हणून मॅनेजरने स्वतःचंच लेबल काढलं, स्टुडिओ रात्री स्वस्त मिळतो म्हणून रात्री रेकॉर्डिंग. मग डॉना हॅल्परने क्लीव्हलंडच्या रेडिओवर 'वर्किंग मॅन' लावलं, कारखान्यांचं शहर ते, लोकांनी फोन करून करून हैराण केलं, आणि मर्क्युरी ह्या रेकॉर्ड कंपनीने करार केला.

आणि नेमकं आता अमेरिकेची टूर म्हणताना जॉन रट्सी, पहिल्यापासूनचा ड्रमर, बाहेर! तब्येत साथ देत नव्हती. ऑडिशनला आला नील पिअर्ट, लंडनमध्ये नशीब काढायला जाऊन हात हलवत परतलेला, वडिलांच्या दुकानात ट्रॅक्टरबिक्टरचे पार्ट विकत होता. २९ जुलै १९७४ ला बँडमध्ये आला, १४ ऑगस्टला पिट्सबर्गला युराया हीप ह्या ब्रिटिश रॉक बँडच्या आधी ११ हजारांवर लोकांसमोर वाजवत होता. सोळा दिवस. तुझ्याकडे तीस आहेत.

अजून एक, बँडमधल्या बाकीच्या दोघांना गाण्यांचे शब्द लिहायचा कंटाळा, हा सारखा पुस्तक घेऊन बसलेला, म्हणून ते काम ह्याच्याच गळ्यात पडलं. त्यामुळे ऑडिशनला नुसते हात बघू नका, चहा पाजा, बोलतं करा.

बाकी पुढे १९७५ ला तिसरा अल्बम आपटला, कंपनी म्हणाली छोटी गाणी करा, तर ह्यांनी रेकॉर्डची अख्खी एक बाजू भरेल असं २० मिनिटांचं गाणं केलं, तेच तुझं २११२. ते वाचून लगेच तसलं काही करायला बसू नकोस हं, त्यांच्यामागे शेकडो शो होते, तुमचे नऊ झालेत.

रविवारी जॅमरूम मिळते का बघ आणि मला वेळ कळव.