तुमचे प्रश्न : फिजिओथेरपीच्या नोंदींतली लघुरूपं

प्रश्न : मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे. वॉर्डात पोस्टिंग लागलं आहे आणि फाइल उघडली की अर्धं वाचताच येत नाही. शॉर्ट फॉर्मची ए पासून झेडपर्यंतची यादी पाठ करते, पण दोन दिवसांत विसरते. पाठ कसं करावं?

वर्णानुक्रमानं केलेलं पाठांतर आधी थांबवा. यादीत एसीएल या अस्थिबंधाच्या शेजारी एडीएल, म्हणजे रोजची कामं, येऊन बसतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, मग डोक्यात राहणार कसं? नोंद ज्या क्रमानं लिहिली जाते त्याच क्रमानं शिका.

बहुतेक ठिकाणी नोंद सोप पद्धतीनं लिहितात : सब्जेक्टिव्ह (रुग्ण सांगतो ते), ऑब्जेक्टिव्ह (तपासून मोजलेलं), असेसमेंट (निष्कर्ष), प्लॅन (पुढची योजना). लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात रुग्णाच्या समस्यांभोवती नोंद बांधण्याची जी पद्धत आणली, त्यातून हे चार कप्पे आले. प्रत्येक लघुरूपाचा कप्पा ठरलेला असतो. सी/ओ म्हणजे रुग्णाची तक्रार, एच/ओ म्हणजे पूर्वेतिहास, पीएलओएफ म्हणजे आजारापूर्वी माणूस काय काय करू शकत होता : हे सगळं पहिल्या कप्प्यात. आरओएम, एमएमटी (हातानं घेतलेली स्नायूंच्या ताकदीची चाचणी), चालण्याचं अंतर हे दुसऱ्यात. एचईपी, म्हणजे घरी करायचे व्यायाम, शेवटच्यात. कोणता कप्पा वाचतो आहोत हे कळलं की निम्मे चुकीचे अर्थ आपोआप गळतात.

दुसरं, लघुरूपं सुटे भाग जोडून बनतात, म्हणून ती फोडून शिका. आरओएम म्हणजे सांध्याच्या हालचालीचा आवाका. सुरुवातीला ए लागला तर रुग्णानं स्वतः केलेली हालचाल, पी लागला तर तुम्ही केलेली, एए लागला तर रुग्णानं तुमच्या मदतीनं केलेली. यूई म्हणजे हात, एलई म्हणजे पाय. सुरुवातीच्या आर, एल किंवा बी वरून उजवा, डावा की दोन्ही ते कळतं. शेवटी छोटा एक्स असलेल्यांचंही असंच एक कुटुंब आहे : डीएक्स निदान, एचएक्स इतिहास, टीएक्स उपचार, एफएक्स फ्रॅक्चर. यातलं एसएक्स मात्र जपून. काहीजण ते लक्षणांसाठी लिहितात, काहीजण शस्त्रक्रियेसाठी.

रोज एक खरी नोंद घ्या. नाव आणि नोंदणी क्रमांक वगळून फक्त मजकूर वहीत उतरवा. तो पूर्ण वाक्यांत उलगडून लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्या वाक्यांवरून, मूळ न बघता, पुन्हा नोंद तयार करा. हा उलटा प्रवासच खरा अभ्यास आहे, कारण ओळखता येणं आणि लिहिता येणं यांत बरंच अंतर असतं.

एक नमुना बघू :

*एस/पी आरटी टीकेआर, पीओडी २. सी/ओ वेदना ६/१० एनपीआरएस. आरटी गुडघा एआरओएम १५–७५, पीआरओएम ५–८५. क्वाड्स ३−/५. डब्ल्यूबीएटी. मिन ए × १, वॉकर, २० मी.*

एस/पी म्हणजे अमुक शस्त्रक्रिया किंवा घटना होऊन गेलेली. इथे उजव्या गुडघ्याचं सांधारोपण झालं आहे आणि पीओडी २ म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. शून्य ते दहा या अंकी मापावर (एनपीआरएस) वेदना सहा. डब्ल्यूबीएटी आणि मिन ए यांचे अर्थ पुढे तिसऱ्या प्रश्नात येतात. आता हालचालीचे दोन आकडे शेजारी ठेवा. तुम्ही पाय सरळ केलात तर तो ५ अंशांपर्यंत येतो, रुग्णानं स्वतः केला तर १५ वर थांबतो. मधले १० अंश म्हणजे लॅग. सांधा तिथवर जातो, पण मांडीचा पुढचा स्नायू त्याला नेऊ शकत नाही. म्हणूनच क्वाड्सना, म्हणजे याच स्नायूला, ताकदीचे पाचपैकी तीन उणे दिले आहेत. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उपलब्ध आवाका पूर्ण केला तरच सरळ तीन. इथे कोणी ४/५ लिहिलं असतं, तर ते वरच्या ओळीशी जुळलं नसतं. लघुरूपं नीट कळू लागली की नोंदीतल्या अशा विसंगती दिसू लागतात. शिकण्याचा खरा फायदा तिथे आहे.

प्रश्न : आमच्या विभागात गुडघ्याची हालचाल कोणी ‘−१० ते १२०’ लिहितं, कोणी ‘१० ते १२०’. दोघांचाही रुग्ण एकच. बरोबर कोण?

नुसत्या आकड्यांवरून हे ठरवता येत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. उणे चिन्हाचे दोन अगदी उलटे अर्थ प्रचारात आहेत. काहीजण ‘सरळ व्हायला १० अंश कमी पडतात’ या अर्थानं उणे लिहितात. काहीजण ‘शून्याच्या पलीकडे, मागच्या बाजूला १० अंश जातो’, म्हणजे हायपरएक्स्टेन्शन, या अर्थानं. पहिल्या रुग्णाचा गुडघा ताणून सरळ करायचा असतो आणि दुसऱ्याचा मागे जाण्यापासून जपायचा असतो. चिन्हाचा अर्थ चुकला तर उपचाराची दिशाच उलटी होते.

यावरचा चांगला मार्ग म्हणजे तीन आकड्यांची न्यूट्रल झिरो पद्धत. हालचाल शून्य ओलांडत असेल तर शून्य मधोमध येतं : १०–०–१३० म्हणजे मागे १०, वाकणं १३०. सांधा शून्यापर्यंत पोहोचतच नसेल तर शून्य कडेला जातं : ०–१०–१२० म्हणजे सरळ होताना १० अंश कमी, वाकणं १२०. उणे चिन्हाची गरजच उरत नाही. विभागात सगळ्यांनी ही पद्धत उचलली नाही तर सरळ शब्दांत लिहा : ‘एक्स्टेन्शन १० अंश कमी’ किंवा ‘हायपरएक्स्टेन्शन १० अंश’. एवढं लिहायला लागणारा वेळ अगदीच थोडा आहे.

आकड्यासोबत रुग्णाची स्थितीही नोंदवा. पालथं झोपवून गुडघा वाकवला तर मांडीच्या पुढचा रेक्टस फिमोरिस हा स्नायू दोन सांध्यांवर ताणला जातो आणि तो आखूड असेल तर आकडा कमी येतो. उताणं झोपवून, खुबा वाकवून मोजला की तोच गुडघा जास्त वाकतो. आज पालथं आणि उद्या उताणं मोजून ‘सुधारणा’ लिहिली जाते, प्रत्यक्षात झालेली नसते. गोनिओमीटरच्या, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाच्या, मापात साधारण ५ अंशांचा फरक मोजणाऱ्यामुळेही पडतो. त्यामुळे दोन-तीन अंशांच्या वाढीवर निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : वडिलांच्या पायाचं ऑपरेशन झालं. पहिल्या कागदावर ‘एनडब्ल्यूबी’ होतं, आता ‘पीडब्ल्यूबी’ लिहिलं आहे. घरी नक्की काय करायचं?

डब्ल्यूबी म्हणजे पायावर वजन देणं. एनडब्ल्यूबी : अजिबात नाही, पाऊल जमिनीला लावायचंही नाही. टीटीडब्ल्यूबी : बोटं किंवा पाऊल फक्त तोल सांभाळण्यापुरतं टेकवायचं. पायाखाली अंडं आहे आणि ते फुटता कामा नये, इतकंच. पीडब्ल्यूबी : अर्धवट वजन. डब्ल्यूबीएटी : दुखणं सोसवेल तेवढं. एफडब्ल्यूबी : पूर्ण.

यातलं पीडब्ल्यूबी एकटं लिहिलं असेल तर ती सूचना अपुरी आहे. शेजारी टक्के किंवा किलो हवेत. सर्जनना किंवा थेरपिस्टना फोन करून आकडा विचारा, अंदाज करू नका. समजा ५० टक्के सांगितलं आणि वडिलांचं वजन ६० किलो आहे, तर मर्यादा ३० किलो.

ही मर्यादा पायाला शिकवावी लागते. वजनकाटा जमिनीवर ठेवा. त्याच्या शेजारी काट्याइतक्याच उंचीची, न हलणारी पक्की फळी ठेवा, म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत येतील. वडिलांनी वॉकर दोन्ही हातांनी धरावा, चांगला पाय फळीवर, ऑपरेशनचा पाय काट्यावर. मागे कोणीतरी उभं हवंच. आता हळूहळू भार वाढवत काटा ३० वर आणायचा, तिथे थोडं थांबायचं आणि परत यायचं. आकडा त्यांनी बघायला लागू नये, तुम्ही मोठ्यानं सांगा, कारण खाली वाकून बघताना तोल जातो आणि वजनही बदलतं. हा सराव पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच करा. आणि लक्षात असू द्या, काट्यावर स्थिर उभं राहून जमलं तरी चालताना भार नकळत जास्त पडतो. वेदना नाही म्हणून पुढची पायरी स्वतःहून गाठू नका. हाड किती जुळलं आहे हे वेदनेवरून कळत नाही.

त्याच कागदावर ‘मिन ए’, ‘मॉड ए’, ‘मॅक्स ए’ दिसलं तर ते मदतीचं प्रमाण. मिन ए म्हणजे कामाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग रुग्ण स्वतः करतो. मॉड ए म्हणजे निम्म्यापासून तीन चतुर्थांशापर्यंत, मॅक्स ए म्हणजे चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत. पुढे × २ असेल तर दोन माणसं लागतात. तेव्हा एकट्यानं उठवायला जाऊ नका.

प्रश्न : नोकरीत नव्यानं रुजू झालो आहे. कोणती लघुरूपं लिहूच नयेत?

ज्यांचे दोन अर्थ एकाच रुग्णाच्या बाबतीत खरे ठरू शकतात, ती. बीकेए हे सगळ्यांत ठळक उदाहरण. कोणी ते गुडघ्याखालच्या अँप्युटेशनसाठी लिहितं, कोणी दोन्ही गुडघ्यांच्या सांधारोपणासाठी. दोन्ही रुग्ण एकाच वॉर्डात असू शकतात. एमएस हे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, मायट्रल स्टेनोसिस हा हृदयाच्या झडपेचा आजार किंवा मॉर्फीन सल्फेट हे वेदनाशामक. सीपी हे सेरेब्रल पाल्सी किंवा छातीत दुखणं. पीडी हे पार्किन्सन्स किंवा पोश्चरल ड्रेनेज, म्हणजे ठरावीक स्थितीत झोपवून छातीतला कफ काढणं. डी/सी हे डिस्चार्ज किंवा ‘बंद करा’. ‘व्यायाम डी/सी’ वाचून पुढच्यानं काय समजायचं? पीआरओएमचा अर्थ तुमच्या विभागात पॅसिव्ह हालचाल असला, तरी प्रसूती विभागात तो कळा सुरू होण्याआधी पाणमोट फुटणं आहे. गर्भवतीच्या फाइलमध्ये पूर्णच लिहा.

मापांतही हे होतं. एमएएस म्हणजे मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ स्केल की मोटर असेसमेंट स्केल? पहिल्यात स्नायूंचा ताठरपणा ० ते ४ असा मोजतात, मध्ये १+ ही एक पायरी आहे, आणि आकडा वाढला म्हणजे ताठरपणा वाढला. दुसऱ्यात कृतीला ० ते ६ गुण मिळतात आणि आकडा वाढला म्हणजे सुधारणा. पक्षाघाताच्या रुग्णाला दोन्ही मापं लावली जातात. ‘एमएएस ३’ एवढंच लिहिलं तर चांगलं की वाईट, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेनं २००४ मध्ये ‘वापरू नका’ अशी एक अधिकृत यादी काढली. त्यात रोज एकदा या अर्थाचं क्यूडी आणि एक दिवसाआड या अर्थाचं क्यूओडी आहे, कारण हस्ताक्षरात दोन्ही एकमेकांसारखी दिसतात. पूर्णांकानंतरचं शून्य आणि दशांशचिन्हाआधीचं गाळलेलं शून्य हेही त्यात आहे. यादी मुख्यतः औषधांसाठी असली, तरी आपल्या टेबलावरचं अल्ट्रासाउंडचं यंत्र आठवा. तीव्रता ‘१.०’ लिहिली आणि टिंब पुसट झालं की दहा दिसतं, ‘.५’चं पाच होतं. १ लिहा, ०.५ लिहा.

उजवं-डावं मात्र कायम पूर्ण लिहा, हा माझा आग्रह आहे. एल म्हणजे डावाही आणि कमरेचा मणकाही. ‘एल ४’च्या शेजारी नुसता ‘एल पाय’ आला की घाईत वाचणारा अडखळतो. ॲबडक्शन (बाहेर नेणं) आणि ॲडक्शन (आत आणणं) यांच्या लघुरूपांत तर एका अक्षराचा फरक आहे, आणि खुब्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर पाय मधल्या रेषेपलीकडे आत आणायला मनाई असते.

प्रश्न : डब्ल्यूएनएल आणि डब्ल्यूएफएल एकच का?

नाही. पहिलं म्हणजे प्रमाणित मापाच्या मर्यादेत, दुसरं म्हणजे कामापुरतं पुरेसं. खांदा पुढून १५० अंशांपर्यंत वर जातो आणि रुग्णाला केस विंचरायला, फळीवरचा डबा काढायला अडचण नाही, तर डब्ल्यूएफएल. डब्ल्यूएनएल लिहायचं तर हालचाल १८० अंशांच्या आसपास हवी. दोन्ही शब्द फक्त धावत्या तपासणीतल्या सांध्यांना वापरा. ज्या सांध्यावर उपचार चालू आहेत तिथे अंशच लिहा, नाहीतर महिन्याभरानं तुलना करायला काहीच हाताशी नसतं.

प्रश्न : संगणकावर शॉर्ट फॉर्म टाइप केला की पूर्ण शब्द आपोआप येईल अशी सोय आहे. वापरावी का?

जरूर वापरा. वाचणाऱ्याला पूर्ण शब्द मिळतो आणि रुग्णानं स्वतःची नोंद मागितली तर त्यालाही ती कळते. फक्त दोन अर्थांचं कुठलंही लघुरूप त्या सोयीत भरू नका आणि सही करण्याआधी उमटलेला मजकूर एकदा वाचा. सीपी टाइप केल्यावर छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या नावावर सेरेब्रल पाल्सी उमटलं, तर ते पुढच्या प्रत्येक नोंदीत नकलून जातं आणि मूळ चूक कुठे झाली ते शोधणं अवघड होतं.