डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात मल्टिक्लास (एकाहून जास्त क्लास, म्हणजे पेशे, घेतलेल्या) पात्राची स्कोअरवाढ (ताकद, बुद्धी अशा क्षमतांच्या गुणांतली वाढ) एकूण लेव्हलवर द्यावी का?

जरूर द्या. खेळाच्या २०१४ च्या नियमांत ही वाढ प्रत्येक क्लासच्या ४, ८, १२, १६, १९ लेव्हलला मिळते. त्यामुळे फायटर ३, विझर्ड ३ असं पात्र सहाव्या लेव्हललाही कोरडंच राहतं, आणि हे खरंच अन्यायाचं आहे. फक्त फायटरची ६ व १४ लेव्हलची आणि रोग (Rogue, चोर) क्लासची १० लेव्हलची जादा वाढ त्या-त्या क्लासलाच बांधून ठेवा.

खरी गोची पुढे आहे. वाढ लांबण्याची किंमत गेली की एका लेव्हलची डुबकी (दुसऱ्या क्लासची एखादीच लेव्हल घेणं) फारच स्वस्त पडते. पॅलाडिन वॉरलॉकची एकच लेव्हल घेतो, त्यातला हेक्सब्लेड हा उपप्रकार निवडतो आणि एकहाती तलवारीचा हल्ला, डॅमेज दोन्ही कॅरिस्मा या एकाच क्षमतेवर चालवतो. म्हणून जोडीला अट घाला: नवा क्लास घेतला की त्याच्या सलग ३ लेव्हल. एक्स्ट्रा अटॅक (एका पाळीत जादा हल्ला) मात्र क्लासच्या पाचव्या लेव्हललाच राहू द्या.