कबड्डी सोडू नकोस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या शेअर दलालाच्या ऑफिसात डीलर म्हणून, म्हणजे ग्राहकांचे सौदे टाकायला, लागल्यापासून कबड्डीचा सराव सुटला, कवितेची वहीही बंद पडली, आणि आता दोन्ही सोडून फक्त बाजार बघावा असं तुझ्या मनात आहे. असं करू नकोस. तुझ्या धंद्याच्या भल्यासाठीच सांगतो आहे.

ग्राहकाला फायदा होवो की तोटा, सौद्यावर आपली दलाली सुटतेच. सव्वानऊ ते साडेतीन हा मोह समोर ठाण मांडून असतो. महिनाअखेर आलेली, टार्गेट अर्धं राहिलेलं, आणि एखादे निवृत्त काका फोनवर विचारतात, "आज काही घेऊ का?" तेव्हा "नका घेऊ" म्हणायला छाती लागते. ज्याची सगळी पत त्या महिन्याच्या आकड्यावर टांगलेली आहे, त्याच्या तोंडून ते निघता निघत नाही. संध्याकाळी मैदानावर तुझी चढाई बघतात, दलाली कोणी विचारत नाही. असं दुसरं ठिकाण असलेला माणूस ग्राहकाला खरं सांगू शकतो, असं माझं ठाम मत आहे.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे मुदतीचे सौदे, करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. अशा ग्राहक काकांनी ऑप्शनचं नाव काढलं की आधी हा आकडा त्यांच्या कानावर घाल. आणि रेकॉर्डिंगच्या लाइनवर ऑर्डर आल्याशिवाय सौदा टाकू नकोस, सख्ख्या मामाचाही.

कवितेचं थोडं वेगळं आहे. बाजार बंद झाल्या झाल्या लिहायला बसलास तर डोक्यात भाव फिरत राहतील. आधी तलावपाळीला फेरी मार. बाजारावर लिहायचं असेल तर तेजीचा बैल आणि मंदीचं अस्वल नकोत, ते फार वापरून झाले. तोटा ऐकल्यावर काका फोनवर किती वेळ गप्प राहिले, नंतर काय बोलले, ते लिही. शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बस. १८९३ पासूनची ही संस्था आपल्या गावात आहे आणि तू अजून सभासद नाहीस, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक्स्पायरीच्या, म्हणजे त्या सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी उशीर होणारच, तो दिवस सरावातून वगळ. बाकीच्या संध्याकाळींबद्दल साहेबांशी स्पष्ट बोलून घे, आणि प्रशिक्षकांना या आठवड्यातच फोन कर.

तुझा,
काका