टॉम वेट्सची तुमची सर्वांत आवडती गाणी कोणती? त्याचा खरखरीत आवाज मला ऐकवत नाही. सुरुवात कुठून करावी?

तुमची अडचण मला परकी नाही. टॉम वेट्स या अमेरिकन गायक-गीतकाराचे गाणे पहिल्यांदा लावले तेव्हा हेडफोनची पिन नीट बसलेली नसावी असे समजून मी ती काढून, फुंकर मारून पुन्हा खोचली होती. तरीही तीच खरखर कानावर आली तेव्हा गाणे अर्ध्यावर बंद केले आणि पुढे वर्षभर त्याच्या वाटेला गेले नाही. आता मात्र त्याच्याविषयी लिहायला बसले की आवरते घेणे जड जाते. (एकेरी उल्लेखाबद्दल गैरसमज नसावा, ज्याची गाणी रोज ऐकते त्याला अहोजाहो करणे मला जमत नाही.)

मुळात ही खरखर त्याला जन्मतः लाभलेली नाही, हे त्याचे अल्बम क्रमाने ऐकले की लगेच ध्यानात येते. ७ डिसेंबर १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील पोमोना येथे जन्मलेल्या वेट्सचा पहिला अल्बम, 'क्लोजिंग टाइम', १९७३ साली आला आणि त्यातला आवाज थोडा पेंगुळलेला असला तरी बऱ्यापैकी स्वच्छ आहे. त्याच अल्बममधले 'ओल फिफ्टी-फाइव्ह' हे पहाटे घरी परतणाऱ्या मोटारीचे गाणे पुढच्याच वर्षी ईगल्स या रॉक बँडने गायले. १९७६ च्या 'स्मॉल चेंज'मध्ये मात्र तोच गळा वाळूने घासून काढल्यासारखा लागतो. मधल्या वर्षांतल्या दारूचा आणि सिगारेटींचा त्यात वाटा असेलच. पण घोगऱ्या गळ्याचा जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँग याची सावलीही त्यात स्पष्ट ऐकू येते, आणि १९८७ च्या 'टेम्प्टेशन'मध्ये हाच गृहस्थ जवळजवळ बायकी वाटावा इतक्या वरच्या पट्टीत लीलया गातो, तेव्हा हा आवाज त्याने समजून उमजून घडवला आहे याविषयी मला शंका उरत नाही. कोणासाठी घडवला, याचे उत्तर माझ्या पहिल्या आवडत्या गाण्यात आहे.

ते गाणे म्हणजे 'क्लोजिंग टाइम'मधले 'मार्था'. टॉम फ्रॉस्ट नावाचा एक वयस्कर माणूस चाळीसहून अधिक वर्षांनी आपल्या जुन्या प्रेयसीला फोन लावतो. तो आधी ऑपरेटरशी बोलतो, आणि आपला म्हातारा झालेला आवाज तिला ओळखू येईल का, ही धास्ती त्याला तिथेच पडलेली असते. फोन लागल्यावर तो तिला सांगतो की कॉल लांब पल्ल्याचा आहे, पण खर्चाची काळजी करू नकोस. माझा जीव या वाक्यावर जडला आहे. इतक्या वर्षांनी बोलण्याची संधी मिळालेला माणूस सुरुवातीलाच पैशांचा विषय काढतो, तो त्याला दुसरे काही सुचत नसते म्हणून. मग दोघांच्या संसाराची, मुलाबाळांची चौकशी होते, आणि हळूहळू त्या जुन्या संध्याकाळी परत येतात. हा अल्बम आला तेव्हा वेट्स अवघा २३ वर्षांचा होता. म्हाताऱ्याच्या शब्दांना त्याचा कोवळा गळा पुरत नाही, शेवटच्या धृपदात तो ताणला जातो, आणि पुढची सगळी खरखर मला या एका त्रुटीची भरपाई वाटते: गाण्यातली माणसे आधीच म्हातारी, थकलेली, हरलेली होती, त्यांना शोभेल असा आवाज त्याने नंतर कमावला.

'स्मॉल चेंज'चे पहिलेच गाणे 'टॉम ट्रॉबर्ट्स ब्लूज' हे त्या कमाईचे पहिले मोठे फळ होय. परक्या गावात खिसा रिकामा झालेला, भाषा न समजणारा, नशेत धडपडणारा एक माणूस सहा मिनिटांहून अधिक काळ आपल्यासमोर उभा असतो, आणि दर कडव्याच्या शेवटी तो 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' या जुन्या ऑस्ट्रेलियन गीताच्या ओळीवर येऊन टेकतो. त्या गीतात मटिल्डा ही कोणी स्त्री नाही. भटक्या मजुराच्या पाठीवरच्या गाठोड्याचे ते लाडाचे नाव आहे, आणि तिच्यासोबत नाचणे म्हणजे गाठोडे घेऊन वाट तुडवणे. हे कळल्यावर गाणे पुन्हा ऐकावे. जेरी येस्टरने रचलेला व्हायोलिनांचा मेळ अगदी तलम आहे, आणि त्याच्यावर हा आवाज रेशमावर ओढलेल्या गोणपाटासारखा पडतो. हेच गाणे ब्रिटिश रॉक गायक रॉड स्ट्युअर्टने १९९२ साली गायले, चांगलेही गायले. परंतु त्याच्या आवृत्तीतला माणूस रात्री कुठेतरी झोपायला जाईल असे वाटते, वेट्सचा माणूस जाणार नाही.

याच अल्बममध्ये 'स्टेप राइट अप' आहे, ज्यात तो जाहिरातींतली सगळी आश्वासने एका दमात, फेरीवाल्याच्या थाटात ओरडतो. गंमत अशी की १९८८ साली फ्रिटो-ले कंपनीच्या चिप्सच्या रेडिओवरील जाहिरातीसाठी याच गाण्याच्या धर्तीवर आणि वेट्सच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या गायकाकडून गाणे म्हणवून घेण्यात आले. जाहिरातींसाठी गाणार नाही असा त्याचा निर्धार जगजाहीर होता. तो न्यायालयात गेला, १९९० मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला, १९९२ मध्ये अपिलातही तो बहुतांशी टिकला, आणि भरपाईची रक्कम वीस लाख डॉलरच्या वर गेली. तुम्हाला ऐकवत नाही त्या आवाजाची न्यायालयाने केलेली ही किंमत आहे, एवढे नोंदवून पुढे जाते.

एकच गाणे निवडा असे कोणी बजावले तर मी १९७८ च्या 'ब्लू व्हॅलेंटाइन' अल्बममधले 'केंटकी अॅव्हेन्यू' निवडीन. ते त्याच्या बालपणातल्या रस्त्याचे गाणे आहे. दोन मुलगे गल्लीभर उंडारत असतात; कोणाच्या गाडीला गोळ्यांची भोके आहेत, कोण झाडाच्या शेंड्यावर बसला आहे, कोणत्या बाईच्या हिरवळीवर पाय ठेवला तर ती सुरी घेऊन धावेल, ही सगळी गुप्त माहिती एक मुलगा दुसऱ्याला पुरवत असतो. पियानो संथ आहे, आवाज कुजबुजीपेक्षा फारसा मोठा नाही. आणि मग, गाणे निम्म्याहून अधिक सरल्यावर, बोलता बोलता कळते की दुसरा मुलगा चाकांच्या खुर्चीत आहे. पहिला म्हणतो की तुझ्या खुर्चीच्या चाकांच्या तारा आणि एका पक्ष्याचे पंख मी तुझ्या खांद्यांना आणि पायांना बांधीन, वडिलांची करवत चोरून तुझ्या पायांवरच्या लोखंडी पट्ट्या कापीन, आणि त्या आज रात्री शेतात पुरून टाकू. इथे व्हायोलिने वर चढतात आणि तो आवाज फाटतो. लहान मुलाचे शब्द इतक्या घोगऱ्या गळ्यातून यावेत हे खरे तर विसंगत वाटायला हवे. परंतु हा मुलगा आता मोठा झाला आहे, त्या पट्ट्या कधीच कापल्या गेल्या नाहीत, हे त्या फाटलेल्या आवाजावाचून कळलेच नसते.

१९८० साली त्याने कॅथलीन ब्रेननशी लग्न केले आणि पुढे ती त्याची सहलेखिकाही झाली. १९८३ च्या 'स्वोर्डफिशट्रॉम्बोन्स'पासून व्हायोलिने मागे पडली. ढोलताशांचा, मरिंब्याचा (लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य), भंगारात सापडल्यासारख्या वाद्यांचा नवाच बाज सुरू झाला. त्या गोंगाटाच्या मधोमध तिच्यासाठी लिहिलेले 'जॉन्सबर्ग, इलिनॉय' हे जेमतेम दीड मिनिटाचे गाणे आहे, जे सुरू होते न होते तोच संपते; मी ते नेहमी लागोपाठ दोनदा लावते. तिथेच 'सोल्जर्स थिंग्ज' आहे. त्यात गोष्ट अशी काही नाहीच, विक्रीला काढलेल्या जुन्या वस्तूंची यादी आहे: कपडे, बूट, वाद्ये, अंगठ्या, आणि शेवटी शौर्याचे एक पदक. या खोक्यातली प्रत्येक वस्तू एक डॉलर, असे सांगून गाणे थांबते. सैनिक कुठे गेला हे विचारावे लागत नाही.

१९८५ च्या 'रेन डॉग्ज'ला बहुतेक रसिक त्याचा कळस मानतात. मार्क रिबोच्या गिटारसाठी तो अल्बम मलाही प्रिय आहे, आणि त्यातले 'टाइम' तर मी कोणालाही डोळे झाकून सुचवीन. 'डाउनटाउन ट्रेन' रॉड स्ट्युअर्टमुळे घरोघरी पोहोचले, त्याविषयी अधिक लिहीत नाही. १९९२ च्या 'बोन मशीन'ला ग्रॅमी मिळाले. त्यातल्या हाडे आपटल्यासारख्या ठेक्यांची तारीफ करणारे खूप आहेत, पण खरे सांगायचे तर तो अल्बम मी सलग ऐकू शकत नाही. १९९९ च्या 'म्यूल व्हेरिएशन्स'मधले 'टेक इट विथ मी' मात्र रात्री दिवे मालवून ऐकण्याचे आहे. तिथे तो पियानोच्या इतका जवळ बसून गातो की श्वास आणि शब्द वेगळे काढता येत नाहीत, आणि खरखर असूनही आवाज मऊ लागतो.

शेवटचे गाणे २००४ च्या 'रिअल गॉन'मधले 'डे आफ्टर टुमॉरो'. या अल्बमवर पियानो अजिबात नाही. बरेचसे ताल त्याने तोंडाने काढले आहेत. इतक्या धुमाळीनंतर अखेरीस येते ते इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या एका तरुण सैनिकाचे घरी लिहिलेले पत्र. युद्धाचे नाव कुठेही नाही. आपल्याला कशाची आठवण येते हे सांगताना तो घरासमोरचा बर्फ उपसणे आणि पाचोळा गोळा करणे ही कंटाळवाणी कामे सांगतो, आणि लिहितो की माझे विमान परवा उतरेल; दर कडवे याच 'परवा'वर येऊन संपते. शेवटच्या कडव्यात कळते की तो आजच एकवीस वर्षांचा झाला आहे. मराठीत 'परवा' हा शब्द येणाऱ्या दिवसासाठीही चालतो आणि होऊन गेलेल्यासाठीही. हे धृपद मी मनातल्या मनात मराठीत म्हणते तेव्हा ते विमान उतरायचे आहे की उतरून गेले, हेच कळेनासे होते.

तुम्ही 'मार्था'पासून सुरुवात करा, मग 'टाइम' आणि 'टेक इट विथ मी' ऐका. 'केंटकी अॅव्हेन्यू' लावण्याआधी काही दिवस जाऊ द्या, आणि पहिल्या ऐकण्यात चाकांच्या खुर्चीचा मी केलेला उल्लेख विसरता आला तर उत्तम. तो इथे करायला नको होता, असे आता वाटते आहे.